खुराड्यात काय अंथरावे?



गेल्या पालकसभेत आम्हाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला एका वडिलांचा होता. "मुले शाळेत शिकायला येतात की कोंबड्यांच्या खालचे तूस ढवळायला?" दुसरा प्रश्न विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचा. त्यांनी हिशेबाच्या वहीत 'भाताचे तूस, टेम्पो भाड्यासह' अशी नोंद पाहिली होती. त्यांचे म्हणणे असे, की निपाणीच्या चारी बाजूंना उसाचे पाचट फुकट पडले आहे, शेंगांची टरफले आहेत, तंबाखूच्या काड्यांचे तर ढीग आहेत. मग तूस विकत कशाला, आणि तेही बेळगाव नाहीतर आजऱ्याकडून भाडे भरून कशाला? सभेत वेळ कमी होता. "पुढच्या अंकात सविस्तर लिहू" असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. तो शब्द आज पाळत आहोत.

आमची बाजू आधीच सांगून टाकतो. आमच्या मते खुराड्यात भाताचे तूसच अंथरावे. त्यासाठी पैसे लागले तर द्यावेत. आणि ते ढवळायचे काम मुलांनीच करावे, सगळ्या मुलांनी.

सर्वप्रथम आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे, कारण ती अनेकांना माहीत नाही. मागच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या पाळायचे ठरले तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. गिरिराज जातीची चाळीस पिल्ले आणली. ही जात बेंगळूरला तयार झाली. गावठी कोंबडीसारखी परसात चरते आणि अंडी तिच्याहून जास्त देते, म्हणून आपल्या भागात ती पुष्कळ घरांत दिसते. खाली काय घालायचे यावर आम्ही फार विचार केला नाही. ओळखीच्या एका ठिकाणी सुतारकाम चालते, तिथे लाकडाचा भुसा फुकट मिळत होता. चार पोती आणली, पसरली, उबेसाठी वर बल्ब लावला. एक पैसाही खर्च न करता काम झाले म्हणून शिक्षकांच्या खोलीत आमचे कौतुकही झाले.

पिल्लू पहिल्या आठवड्यात समोर दिसेल ते टोचून पाहते. भुश्याचे बारीक कण त्याला खाद्यासारखेच दिसतात. काही पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी भुश्याने गच्च झाली. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा भिजला. वरून कोरडा दिसे, पण आत हात घातला की ओल लागे. बल्बच्या उबेत त्या ओलीला बुरशी आली. नवव्या दिवसापासून पिल्ले चोच उघडून धापा टाकू लागली, आणि पंधरा दिवसांत अकरा गेली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी एक पिल्लू उघडून दाखवले. फुप्फुसावर बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी होत्या. बुरशीचे बीज श्वासावाटे आत गेले की असे होते, आणि एकदा झाले की औषधाचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर आम्हाला रागावले नाहीत. त्यांनी खाली वाकून मूठभर भुसा उचलला, पिळला आणि आमच्या तळहातावर ठेवला. त्याचा लाडवासारखा गोळा झाला होता.

सातवीच्या एका विद्यार्थिनीने त्या अकरा पिल्लांची नोंद तारीखवार वहीत केली आहे. ती वही कार्यालयात आहे. ज्यांना फुकटच्या वस्तूचा मोह होतो त्यांनी ती जरूर पाहावी. आम्हीही अधूनमधून पाहतो.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी पुस्तकांत कोंबड्यांच्या खालच्या या थराला 'बिछाली' म्हणतात, म्हणजे बिछान्याची धाकटी बहीणच. मराठीत 'गादी' म्हणतात आणि अशा पालनाला गादी पद्धत. बेळगावकडच्या भात गिरणीत तूस मागायला गेले की कन्नडमध्ये 'होट्टु' म्हणावे लागते. बिछाली आणि गादी या शब्दांमुळे एक गैरसमज होतो आणि तो आमचाही झाला होता. वाटते की कोंबडीला झोपायला मऊ लागावे म्हणून हे घालायचे. पण कोंबडी गादीवर झोपतच नाही. ती रात्री दांडीवर बसते. गादीचे काम निराळे आहे.

विद्यार्थ्यांनी इथे थोडे गणित करावे. पक्ष्यांना लघवी वेगळी नसते. विष्ठेवरचा पांढरा भाग हीच त्यांची लघवी, म्हणून पक्ष्याची विष्ठा ओलीच असते. मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन हिस्से पाणीच असते. आपल्याकडे आज २४ कोंबड्या आहेत. म्हणजे रोज जवळजवळ २.४ किलो विष्ठा आणि त्यात १.८ लिटर पाणी. निम्मी विष्ठा बाहेर अंगणात पडते असे धरले, तरी महिन्याला सत्तावीस लिटर पाणी त्या छोट्या शेडमध्ये ओतल्यासारखे होते. शिवाय भांड्यातून सांडते ते वेगळे, आणि जुलैत वळचणीतून उडते ते वेगळे. हे सगळे पाणी गादीने शोषायचे असते आणि हवेत सोडून द्यायचे असते. शोषणे आणि सोडणे, दोन्ही. आम्ही त्या वेळी फक्त शोषण्याचा विचार केला होता. भुसा शोषतो उत्तम, पण बारीक असल्यामुळे घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो.

गादी ओली राहिली की दोन गोष्टी होतात. एक, अमोनिया वायू सुटतो. तो विष्ठेतूनच तयार होतो आणि जमिनीलगत त्याचा जोर जास्त असतो. उभे राहून आपल्याला काही जाणवत नाही, पण कोंबडीचे नाक जमिनीपासून वीतभर वर असते. म्हणून आम्ही मुलांना सांगितले आहे, की सकाळी दार उघडले की आधी उकिडवे बसा आणि मग श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर त्याच दिवशी गादी ढवळायची किंवा बदलायची. दुसरी गोष्ट रक्ती हगवण. या रोगाचा सूक्ष्म जंतू कोंबडीच्या विष्ठेतून बाहेर पडतो, तेव्हा लगेच दुसऱ्या कोंबडीला बाधत नाही. बाहेर एक-दोन दिवस ऊब, हवा आणि ओल मिळाली तरच तो पक्व होतो. त्यातली ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही. राहता राहिली ओल.

आता तुसाबद्दल. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. येळ्ळूर-वडगावचा बासमती असो की आजऱ्याचा घनसाळ, यात फारसा फरक नाही. तुसात सिलिका नावाचा पदार्थ भरपूर असतो, तोच जो वाळूत असतो. तूस जाळले तर सुमारे वीस टक्के राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच असते. त्यामुळे तूस लवकर कुजत नाही आणि त्याच्या ढेपा सहसा होत नाहीत. एकेक तूस होडीसारखे वाकलेले असते, म्हणून मधे हवा खेळते. खरे सांगायचे तर पाणी शोषण्यात ते भुश्याच्या मागे आहे. पण कोंबडीने नखांनी उकरले की मोकळे होते आणि वाळते. उकरणे हा तर कोंबडीचा धर्मच. गादी अशी हवी की कोंबडीच तिची निगा राखू शकेल.

एक खबरदारी मात्र घ्यावी. तूस आणि कोंडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोंडा म्हणजे तांदूळ सडताना निघणारी पूड. तिच्यात तेल असते. ती खाण्यात मिसळतात, अंथरत नाहीत. अंथरली तर कोंबड्या खात बसतात, उरलेली खवट होते आणि तिला किडे पडतात. एका पालकांनी मोठ्या प्रेमाने दोन पोती कोंडा आणून दिला होता. तो आम्ही खाद्यात वापरला, त्यांचे आभार.

आपले खुराडे दहा फूट बाय आठ फूट आहे. चार इंच थर द्यायचा तर सात-आठ मोठी पोती लागतात. एकदा घातले की सगळे काढून फेकायचे नाही. आठवड्यातून दोनदा खोऱ्याने ढवळायचे, जिथे ओले दिसेल तेवढेच काढायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी वर एखादे पोते नवे पसरायचे. खालच्या थरात जिवाणू विष्ठा कुजवत राहतात आणि थोडी ऊबही तयार होते, ती थंडीत उपयोगी पडते. अमेरिकेत ओहायो राज्यातील शेती संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात यावर बरेच प्रयोग झाले. कोरडी ठेवलेली जुनी गादी पक्ष्यांना अपाय करत नाही, उलट त्यांना मानवते, असे तिथे दिसून आले. पण रोग येऊन गेला असेल तर हा नियम नाही. तेव्हा सगळी गादी बाहेर काढून, जमीन धुऊन, चुना फासून, उन्हे दाखवूनच नवीन घालावी. चुना गादीत रोज मिसळण्याची सवयही बरी नव्हे. चुन्याने ओल कमी वाटते, पण अमोनिया उलट जास्त सुटतो. आम्ही तो फक्त जमिनीला लावतो.

डॉक्टरांनी दाखवलेली मुठीची परीक्षा आता पाचवीच्या मुलांनाही येते. गादीतला मूठभर ऐवज घ्यावा, दाबावा, मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हळूहळू सुटला तर ठीक. धूळ उडाली तर फार कोरडी, आणि धूळही छातीला वाईटच. ढवळताना नाकाला रुमाल बांधावा तो यासाठीच. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना आम्ही या कामातून वगळले आहे. त्यांच्याकडे अंड्यांची वही असते.

आता फुकटच्या वस्तूंकडे येतो.

पाचट आपल्याकडे अमाप आहे. ते जाळण्यापेक्षा अंथरलेले बरे, हे आम्हालाही पटते. पण लांब पात खुराड्यात टाकली की ती एकमेकींत अडकते, भिजली की चटईसारखी चप्पट बसते आणि खाली सडते. कोंबडीला ती उकरता येत नाही. एक-दोन इंचांचे तुकडे करून, तुसात थोडे मिसळून चालते. कडबाकुट्टीचे यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांनी करून पाहायला हरकत नाही. पिंजराचेही तेच. रद्दी वर्तमानपत्रे पिल्लांखाली घालू नयेत. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि फाकलेले पाय पुष्कळदा तसेच राहतात.

शेंगांच्या टरफलांचा मोह आम्हाला फार झाला होता. हलकी, स्वच्छ, शोषणारी. कोरड्या हंगामात ती चांगलीच. पण शेंगेला येणारी बुरशी ओळखीची आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण कोणालाच कळेना. शेवटी सापडले, की त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि तिच्यावर वाढलेल्या बुरशीने विष तयार केले होते. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ती पेंड होती, इथे टरफले आहेत, हे खरे. तरीही कोंबडी टरफलातले उरलेले दाणे वेचून खाते आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे टरफले कोरडी राहत नाहीत. जानेवारी ते मे कोणी दिली तर आम्ही घेऊ. पावसाळ्यात नाही.

राहिल्या तंबाखूच्या काड्या. हा विषय निपाणीत जपून बोलावा लागतो, कारण अनेक घरांची चूल तंबाखूवर आणि विडीवर पेटली आहे. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आया आणि आज्या विड्या वळून मुलांना शिकवतात. तेव्हा त्या धंद्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. खुडूक कोंबडीखाली तंबाखूच्या काड्या घातल्या की उवा-पिसवा लागत नाहीत, असे एका आजोबांनी आम्हाला सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तंबाखूतील निकोटिन हे कीटकांना मारणारे विष आहेच. अमेरिकेत एके काळी त्याचे द्रावण बाटलीत विकत मिळे. ते कोंबड्यांच्या बसायच्या दांडीला फासत, रात्री त्याची वाफ पिसांत शिरे आणि उवा मरत. पण पक्ष्याला आणि माणसालाही ते घातक असल्यामुळे ते मागे पडले.

मेक्सिको शहरातल्या चिमण्यांची हकीकत मुलांना आवडेल. त्या आपल्या घरट्यांत सिगारेटची थोटके आणून ठेवतात. २०१३ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी घरटी तपासली तेव्हा दिसले, की ज्या घरट्यात थोटके जास्त त्यात रक्त पिणारे कीटक कमी. चिमणीला शाबासकी द्यावीशी वाटते. पण पुढच्या अभ्यासात असेही दिसले, की त्या घरट्यांतल्या पिल्लांच्या रक्तपेशींत बिघाड जास्त होता. चिमणीला हे कळण्याचा मार्ग नाही. आपल्याला आहे.

शिवाय आपल्या भागातल्या लोकांना आम्ही हे सांगायची गरज नाही, की दवाने भिजलेला हिरवा तंबाखू खुडताना अंगाला रस लागला तर मळमळते, गरगरते, ओकाऱ्या होतात. निकोटिन ओल्या कातडीतून आत जाते. आता विचार करा, तंबाखूच्या काड्यांची ओली गादी, आणि तिच्यात उघड्या हातांनी काम करणारी दहा वर्षांची मुले. कोंबड्यांचे काय होईल ते नंतर पाहू. एवढ्या एका कारणासाठी आम्ही तंबाखूची काडी शाळेच्या खुराड्यात येऊ देणार नाही. विश्वस्त मंडळाने आग्रह धरला तरी नाही, आणि हे आम्ही नम्रपणे पण स्पष्टच लिहितो. उवा-पिसवांसाठी कोंबडीला स्वतःचा उपाय माहीत आहे. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली चुलीतली गार राख आणि चाळलेली माती ठेवली आहे. कोंबड्या तिथे लोळून पिसे झाडतात. राख आणून देणाऱ्या घरांची यादी फलकावर आहे.

जाळीच्या अंगणाचा प्रश्न निराळा. तिथे वरून पाऊस पडणारच, तूस घातले तर पहिल्या सरीत वाहून जाईल. खानापूर-जांबोटीकडे जांभ्याची लाल जमीन पाणी पिऊन टाकते, तिथल्यांना फार करावे लागत नाही. आपल्याकडची काळी माती मात्र चिखल करते आणि कोंबडीच्या पायाला किलोभर लोंबते. आम्ही अंगणात अर्धा फूट मुरूम टाकून उतार काढला, कडेने चर खणला, आणि वर लाकडाच्या जाड ढलप्या आणि झाडांचा वाळला पाला घातला. इथे लाकूड चालते, कारण ढलपी जाड असते, खाली पाणी निचरते आणि वारा लागतो. रंग लावलेले किंवा प्लायवूडचे लाकूड मात्र नको, त्यात रसायने असतात. पाचटही इथेच शोभते. सदस्य महोदयांच्या सूचनेचा हा भाग आम्ही आनंदाने स्वीकारला आहे. दोन गाड्या पाचट येत्या हंगामात पाठवावे, उतरवून घेण्याची सोय करतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे, जो आम्हाला जास्त लागला.

गादी ढवळायचे काम सुरू केले तेव्हा आम्ही पाळी लावली नव्हती. "जो तयार असेल त्याने करावे" असे म्हटले होते. पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आले, की खोरे रोज त्याच चार मुलांच्या हातात आहे. ती मुले कोणत्या वस्तीतून येतात हे इथे लिहायला नको, वाचणाऱ्यांना समजेल. कोणी त्यांना सांगितले नव्हते, आणि तरी बाकीच्यांनी खोरे त्यांच्याकडे सरकवले होते आणि त्यांनीही ते घेतले होते. बाकीची मुले अंडी गोळा करायला मात्र पुढे. आम्ही तिसाहून अधिक वर्षे शिकवतो आहोत, आणि त्या दिवशी वर्गात उभे राहून काय बोलावे ते सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटाप्रमाणे पाळी लावली. ज्याची पाळी गादीची, अंडी उचलायचाही मान त्याचाच. यादीत पहिले नाव आमचे घातले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही खुराड्यात असतो. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी यावे, दुसरे खोरे आहे.

म्हणून त्या वडिलांना आमचे उत्तर असे, की आपला मुलगा तिथे दहा मिनिटे जे करतो तेही शिक्षणच आहे. तो अमोनिया हे नाव पुस्तकात वाचण्याआधी नाकाने ओळखतो. काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुणे सक्तीचे आहे, चपला वेगळ्या आहेत आणि खुराड्यात काही खायचे नाही. यात कुठे ढिलाई दिसली तर आम्हाला जरूर धरावे. ती तक्रार आम्ही ऐकू. काम घाण आहे ही तक्रार ऐकणार नाही.

आपल्या शाळेत शाकाहारी घरांतील मुले बरीच आहेत. त्यांच्या भावनांचा विचार करून अंडी शाळेत शिजवली जात नाहीत, ज्यांना हवी ते घरी नेतात. कर्नाटकात शालेय जेवणात अंडे, आणि नको असेल त्याला केळे, अशी पद्धत आली आहे, तिचा आणि या खुराड्याचा संबंध नाही. त्या घरांतील एका आजींनी आम्हाला विचारले होते, की कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यावर त्यांचे काय करणार? आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. आमचे मत, शाळेने त्या विकू नयेत. विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत हेही ठरवावे.

एक सूचना घरी कोंबड्या असलेल्यांसाठी. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर मुलांना हात लावू देऊ नका आणि गादी शेतात टाकू नका, आधी सरकारी दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्यांबरोबर अंडी, खाद्य आणि खालचे तूससुद्धा नष्ट करावे लागले होते.

शेवटी हिशेब. तुसाला जेवढे पैसे पडतात त्याहून टेम्पोचे भाडे जास्त आहे, हे मान्य. सदस्यांची नजर बरोबर जागी गेली. याचे कारण आम्ही जूनमध्ये घाईने आणतो हे आहे. भात झोडून गिरण्या जोरात चालतात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तूस भरपूर असते, पुढे वीटभट्टीवाले ते उचलतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. तशा आठवड्यात तर कोणत्याही भावाने टेम्पो येणार नाही, आणि गादीला नवे तूस नेमके तेव्हाच लागते. म्हणून आमची मागणी आहे, की जानेवारीत एकाच फेरीत वर्षाची वीस पोती आणावीत आणि जुन्या ग्रंथालयाच्या मागची खोली त्यासाठी द्यावी. तिचे दोन पत्रे गळतात, ते आधी बदलावेत. वर्षाअखेरीस जी जुनी गादी निघते ती दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवून बागेला घालतो. ताजी घातली तर रोपे करपतात, हे मागच्या वर्षी वांग्यांनी दाखवून दिले. बागेपुरते ठेवून उरलेले खत पालकांना विकले तर भाड्याचा मोठा भाग सुटेल असा अंदाज आहे.

चंदगड, आजरा, खानापूर भागात ज्यांचे नातेवाईक भात करतात त्यांनी येताना एखादे पोते तूस आणले तर उपकार होतील. पोते बांधण्यापूर्वी आत हात घालून तळापर्यंत पाहावे आणि हुंगावे. कुबट वास आला तर ते तिथेच ठेवून यावे.